पॉइंट टू टूने डुक्कर पडतं का? मुंबईत रायफल नेमबाजी सुरू करणाऱ्यांसाठी

गणपतीत चिपळूणला मामाकडे गेलो की मामेभाऊ एकदा तरी हळूच विचारतोच, "दादा, तुझी ती पॉइंट टू टू आण ना एकदा. डुकरांनी अख्खा भात लोळवलाय, एखादं तरी पाडू." वरळीच्या रेंजवर येणाऱ्या नव्या पोरांचा पहिला प्रश्नही याच जातीचा असतो. रायफल हातात आली की लगेच, "सर, याने काय काय मरतं?"

म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो, मग शिकायचं कसं ते सांगतो.

कायद्याने नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद केली आहे, आणि रानडुक्करही त्यात येतं. पिकांची नासधूस करणाऱ्या जनावराबद्दल परवानगी द्यायची की नाही हे वनखातं ठरवतं, खेळासाठी काढलेल्या लायसनवर ते आपल्याला ठरवता येत नाही. मामेभावाला मी दरवर्षी एवढंच सांगतो की नुकसानीचे फोटो काढ, पंचनामा करून घे आणि भरपाईचा अर्ज टाक. त्याचं तोंड वाकडं होतं, पण हे खरं आहे.

आणि गणितानेही नाही. पॉइंट टू टू म्हणजे ०.२२ इंच, ५.६ मिलिमीटरची गोळी. वजन साधारण २.६ ग्रॅम, नळीतून निघताना वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा झाली १४० ज्यूल. इंग्लंड-वेल्समध्ये हरणाची शिकार कायदेशीर आहे. तिथे मोठ्या हरणासाठी किमान ०.२४० इंच बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, आणि सुमारे २३०० ज्यूल ऊर्जा सक्तीची आहे. आपल्या गोळीच्या सोळा पट. एवढ्याशा गोळीने जनावर जागीच पडण्याऐवजी जखमी होऊन रानात पळण्याचीच शक्यता जास्त, आणि मग ते कुठेतरी झुडपात दोन दिवस कुढत मरतं.

इथे कोणीतरी हमखास 'करामोजो' बेलचा दाखला देतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या स्कॉटिश माणसाने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे लहान बोअरच्या .२७५ रिग्बीने. गोष्ट खरी आहे. पण ती 'लहान' गोळी सात मिलिमीटरची, लांबट, अकरा ग्रॅमची, आणि तिचा वेग सेकंदाला सातशे मीटर. ऊर्जा पावणेतीन हजार ज्यूलच्या घरात. शिवाय हत्तीच्या डोक्यात मेंदू नेमका कुठे असतो याचा बेलने कवटीपासून अभ्यास केलेला होता. बोअरचा आकडा सगळे पाठ करतात, अभ्यासाचं कोणी बोलत नाही.

लहान बोअरची खरी मजा लहान ठिपक्यात आहे. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलच्या, टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. तो उभ्याने, साडेपाच किलोपर्यंतची रायफल पेलून, साठ वेळा शोधायचा. वाघाचं नंतर बघू.

सुरुवात एअर रायफलनेच

पॉइंट टू टूचं लायसन आधी आणि शिकणं नंतर, असा विचार डोक्यातून काढून टाका. मुंबईत लायसन पोलीस आयुक्तालयातून मिळतं, स्वतःच्या नावावर हवं तर वय २१ पूर्ण लागतं, आणि तुम्ही खरोखर खेळता हे कागदावर दाखवावं लागतं. ते दाखवायला आधी खेळावं लागतं. एअर रायफलचा रस्ता सोपा आहे. बोअर ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर लायसन लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल जेमतेम आठ ज्यूलपर्यंत जाते.

एक खड्डा मात्र ओळखून ठेवा. बाजारात 'पॉइंट टू टू एअरगन' नावाचा प्रकार मिळतो. तो हवेवरच चालतो, पण बोअर ०.१७७च्या वर गेल्यामुळे त्याला लायसन लागतं. नावात टू टू आहे म्हणून खेळाची रायफल समजून कोणी घेतो आणि अडकतो. स्पर्धेत तर ती चालतच नाही. आणि कुठलीही एअरगन असो, गच्चीवरून कबुतरावर, कावळ्यावर, मांजरावर कधीच नाही.

पहिली रायफल विकतही घेऊ नका. परदेशी बनावटीची चांगली मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. सहा महिने क्लबच्या रायफलवर काढा. हा खेळ आपल्या अंगाला मानवतो की नाही ते तोवर कळतं. निम्मी पोरं तीन महिन्यांत गळतात, कारण सिनेमातल्यासारखं काहीच घडत नाही.

जायचं कुठे

वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज हे या शहरातलं जुनं माहेरघर. कॉलेजात असाल तर एनसीसी हा सगळ्यात स्वस्त दरवाजा आहे. तिथे पोटावर झोपून पॉइंट टू टूच्या थोड्या तरी गोळ्या झाडायला मिळतात. अंजली भागवत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतूनच या खेळात आल्या, कॉलेजच्या वयात. तेव्हा 'आता उशीर झाला' हे कारण मला सांगू नका. पनवेलकडे राहणाऱ्यांना सुमा शिरूर यांची अकादमी जवळ पडते. ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईत दहा मीटरच्या छोट्या रेंज शाळांच्या हॉलमध्ये, तळघरात चालतात. दहा मीटरला जागा लागते ती किती! रेंज निवडताना भिंतीवरचे मेडल मोजू नका. तासभर मागे खुर्ची टाकून बसा आणि बघा, फायरिंग लाइनच्या पुढे कोणी गेलेला असताना दुसऱ्याने रायफलला हात लावला तर कोच ओरडतो का. ओरडत नसेल तर उठा आणि घरी या.

लोकलने रायफल नेताना ती कायम केसमध्ये बंद ठेवा, पेलेट, म्हणजे एअर रायफलच्या गोळ्या, वेगळ्या कप्प्यात. क्लबचं कार्ड आणि रायफलच्या बिलाची झेरॉक्स वरच्या खिशात ठेवा. स्टेशनवर बॅग उघडायला सांगितलं तर हुज्जत न घालता बाजूला जाऊन उघडायची. मला पाच-सहा वेळा थांबवलंय. एकदा एका हवालदारसाहेबांनी कागद बघून झाल्यावर त्यांच्या मुलीसाठी क्लबचा नंबर लिहून घेतला. सकाळी आठची फास्ट मात्र टाळा. नेम धरायची साइट गर्दीत दाबली गेली तर अख्खा दिवस ती जागेवर आणण्यात जातो.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी तुम्हाला चार गोष्टी शिकवतील आणि त्या हजारदा ऐकवतील. नळी कायम टार्गेटकडे. बोट ट्रिगरच्या बाहेर. 'स्टॉप' ऐकू आलं की अर्धा शॉटसुद्धा पूर्ण करायचा नाही. रायफल खाली ठेवली की नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे तो नारिंगी दोरा. नळीतून आरपार गेलेला दोरा दिसला की कोणालाही लांबून कळतं, आत काही नाही. यात गंमत नाही. एअर रायफलच्या आठ ज्यूलने डोळा जातो, आणि पॉइंट टू टूची गोळी चुकून आकाशात सुटली तर दीड किलोमीटरवरही जीव घेऊ शकते. वरळीपासून दीड किलोमीटरच्या वर्तुळात किती माणसं राहतात, याचा विचार करा.

आणि एक सांगतो, जे कुठल्याच पुस्तकात ठळक छापत नाहीत. पेलेट शिशाची असते. दोन तास पेलेट हाताळली की बोटांची टोकं करडी होतात. बाहेर येऊन थेट वडापावला हात घालू नका. आधी साबणाने हात धुवा, नखांतूनसुद्धा. आमचे सर यासाठी गेटवर उभे राहायचे आणि पोरांची बोटं तपासायचे, शाळेत नखं तपासतात तशी.

त्याच दिवशी मास्टर डोळा बघून घ्या. दोन्ही तळहात पुढे धरून मधे एक लहान भोक ठेवा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहतं तो तुमचा डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा मास्टर निघाला तर कोचशी बोला. दुसरा डोळा मिटून नेम धरू नका, चेहरा आखडतो. त्याच्यापुढे पांढऱ्या कागदाची पट्टी लावतात. ती तीन सेंटिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

ग्रुप आधी, दहा नंतर

पहिले काही दिवस रायफल स्टँडवर टेकवून मारायला देतील. दहा पेलेट, एक टार्गेट. नवा माणूस लगेच दहाला लागलं का बघतो. ते बघू नका, दहाही भोकं एकमेकांना किती चिकटली आहेत ते बघा. त्यालाच ग्रुप म्हणतात. सगळी खाली डावीकडे, पण एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात असतील, तर तुम्ही छान मारताय, साइट दोन क्लिक फिरवली की झालं. टार्गेटभर विखुरलेली असतील आणि त्यातली दोन दहाला असतील, तर ते दहा तुमचे नव्हेत.

पीप साइटमध्ये मागच्या बारीक भोकातून पुढची रिंग दिसते आणि रिंगमध्ये बुल, म्हणजे टार्गेटचा मधला काळा गोल. बुलभोवती पांढरी कड सगळीकडून सारखी दिसायला हवी. नजर बुलवर नको, रिंगवर हवी. बुल थोडा धुरकट दिसला तरी चालतो. हे पचायला महिना लागतो, कारण आयुष्यभर आपण ज्याला मारायचं त्याच्याकडेच बघत आलेलो असतो. काही क्लब नवोदितांना ओपन साइटवर, म्हणजे भोकाऐवजी उघड्या खाचेच्या साइटवर, सुरू करतात आणि देशी नियमांच्या स्पर्धांत त्याचा वेगळा गटही असतो. स्वस्तात सुरुवात होते, वाईट नाही.

उभं राहणं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

उजव्या हाताचा माणूस टार्गेटकडे डावी बाजू करून उभा राहतो. पाय खांद्याएवढे फाकलेले. डावी कंबर थोडी टार्गेटकडे सरकवायची आणि डाव्या हाताचं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवायचं. पाठ किंचित मागे आणि उजवीकडे, रायफलचं वजन तोलण्यापुरती. आता रायफल हाताने धरलेली नसते, ती हाडांच्या खांबावर ठेवलेली असते. स्नायू थकतात, थकले की थरथरतात. हाड थकत नाही. डाव्या दंडात ताण जाणवला तर समजा काहीतरी चुकतंय.

मग नैसर्गिक नेम तपासायचा. रायफल लावा, डोळे मिटा, दोनदा श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. रिंग बुलच्या उजवीकडे गेली असेल तर हाताने डावीकडे ओढू नका. मागचा पाय दोन बोटं सरकवा. ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताना आपल्या मूळ जागी परत जातो, आणि स्क्रीनवर नऊ उमटतो. मग आपण रायफलला दोष देतो.

श्वास अर्धा सोडून थांबला की सहा-आठ सेकंदांची एक स्वच्छ खिडकी मिळते. त्यात शॉट जमला तर जमला. दहा सेकंद झाले आणि अजून जमत नाहीये, तर रायफल खाली. हे खाली घेणं सगळ्यात अवघड. "एवढं धरलंय तर मारून टाकू" या एका विचाराने माझे जितके शॉट आठवर गेलेत तितके दुसऱ्या कशाने गेले नसतील. ट्रिगरचा पहिला टप्पा आधीच घेऊन ठेवा, दुसरा इतका हलका असतो की बोटाची टोचणीही पुरते. आणि शॉट सुटल्यावर दोन सेकंद तसेच उभे राहा. पेलेट सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आतबाहेर जाते, नळीतून बाहेर पडायला तिला थोडा वेळ लागतो. तुम्ही घाईने मान उचललीत की तीही थोडी वळते.

हे सगळं पेलेटशिवाय घरी करता येतं, त्याला आम्ही 'ड्राय' म्हणतो. मॅच एअर रायफलला त्यासाठी वेगळी सोय असते. खोलीत पेलेटचा डबा ठेवायचाच नाही, तो कपाटात. भिंतीवर तीन मीटर अंतरावर, जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंचीवर, नऊ मिलिमीटरचा काळा ठिपका चिकटवा. रेंजवरच्या बुलाएवढाच दिसतो. रोज वीस मिनिटं. भिंत मात्र खिडकीची निवडू नका. मी दादरच्या आमच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून पडदे न ओढता सुरू केलं होतं. तिसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनने आमच्या सेक्रेटरींना फोन केला, आणि आईला अख्ख्या मजल्याला चहा पाजून समजावत बसावं लागलं.

जॅकेट, पाऊस, सिलिंडर

कॅनव्हासचं जाड जॅकेट, पँट, चपट्या तळाचे बूट, डाव्या हातात ग्लोव्ह. ताठपणाला आणि जाडीला नियम आहेत, स्पर्धेआधी मोजतात. अंगाच्या मापाने शिवून घ्या, भावाचं जुनं घेऊ नका. मुंबईत खरा प्रश्न पुढे येतो. जूनमध्ये घामाने ओलं जॅकेट घडी करून बॅगेत ठेवलंत तर आठवड्यात कॉलरखाली हिरवट बुरशी धरते आणि जॅकेट मऊ पडतं. घरी आलं की रुंद हँगरवर, पंख्याखाली. रायफलच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, लोखंडी भागांना तेलाचं बोट. हवेच्या झडपांना आणि सिलिंडरच्या तोंडाला तेल लावू नका. दाबाखालची हवा आणि तेल यांचं जमत नाही. सिलिंडर दोनशे बारपर्यंत भरतात आणि त्याला दहा वर्षांची मुदत असते. जुनी रायफल घेताना सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख वाचा.

आणि मग पॉइंट टू टू

वर्ष-दीड वर्षाने, एअर रायफलवर हात बसला की कोच स्वतःच विचारतो. रेंजवर देखरेखीखाली सुरू होतं, लायसनचं असोसिएशनच्या शिफारशीने पुढे सरकतं. अंतर पन्नास मीटर, दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. सुरुवात पोटावर झोपून, हाताला स्लिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, बांधून. नंतर गुडघ्यावर आणि उभ्याने. तिन्ही मिळून थ्री पोझिशन, ज्यात कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य आणलं. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, तीही कोल्हापूरचीच. आम्ही मुंबईकर यावर फार बोलत नाही.

दोन फरक लगेच जाणवतात. एक, इथे ड्राय करताना जपायचं. पॉइंट टू टूच्या काडतुसाची टोपी कडेला असते, त्यामुळे चेंबर रिकामं असताना पिन सरळ चेंबरच्या कडेवर आपटू शकते आणि कड खराब होते. मधे नकली काडतूस ठेवतात. दुसरा फरक वाऱ्याचा. दुपार झाली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, आणि तुमच्या ग्रुपला बाजूला ढकलतो. रेंजवरच्या छोट्या झेंड्या बघायला शिका. नवा माणूस वाऱ्यानुसार साइट फिरवत बसतो. जुना माणूस झेंडी पहिल्यासारखी होईपर्यंत रायफल खाली ठेवून थांबतो. पहिलं वर्ष तरी थांबा. कानात प्लग आणि डोळ्यांवर चष्मा, यात सूट नाही.

काडतुसांचंही असंच. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो, तुमच्या नळीला कुठला आवडतो ते मारूनच कळतं. आवडला तर तोच लॉट जास्त घेऊन ठेवतात. किती ठेवता येतो ते लायसनवर लिहिलेलं असतं, आणि हिशेबाची वही खरी ठेवावी लागते.

पहिली मॅच

वर्षभरात राज्यस्तरीय स्पर्धेला नाव द्या, स्कोअर कितीही असो. आपल्याकडे ती कॅप्टन इझिकेल यांच्या नावाने होते. तिथून पुढे मावळंकर स्पर्धा आणि मग नॅशनल. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्षही तेच.

एअर रायफलला पंधरा मिनिटं तयारी आणि सायटिंगची, म्हणजे साइट जुळवायच्या शॉटची, त्यात हवे तितके शॉट मारा. मग साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं. एका शॉटला १०.९ पर्यंत गुण. तासभर आधी पोहोचा, इक्विपमेंट चेकला रांग असते. दोन सेफ्टी फ्लॅग, सुकं फडकं, केळं, पाण्याची बाटली. पोहे पोटभर खाऊ नका, नाडी नळीत ऐकू येते.

आणि लेनचा नंबर वाचा. माझ्या पहिल्या मॅचला चौतिसावा शॉट सुरेख सुटला. मी मान वर केली तर माझ्या स्क्रीनवर काहीच नाही. शेजारचा मुलगा त्याच्या स्क्रीनकडे आणि मग माझ्याकडे बघत होता. त्याने अजून ट्रिगरला बोटही लावलं नव्हतं आणि त्याच्या टार्गेटवर १०.४ उमटला होता. रेंज ऑफिसर आला, नोंद झाली, त्याचा शॉट त्याला पुन्हा मिळाला, माझ्या खात्यात शून्य. पाय सरकवताना मी एक लेन जास्तच वळलो होतो. आता प्रत्येक शॉटआधी गाल टेकवण्यापूर्वी टार्गेटवरचा नंबर वाचतो, मनातल्या मनात: लेन सतरा, टार्गेट सतरा.